पासंगालाही न पुरणारे वक्ते

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार. (कमरेमुळे यंदा तो कागदावरच घालते आहे, आठ अंगांपैकी पाचच सध्या वाकतात.) तुमचा डावा गुडघा, उजवीकडचा शेजार आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, ही तिन्ही दुखणी कशी आहेत ते कळवावं. इकडे सगळे खुशाल. तुमचे धाकटे बंधू निवृत्त झाल्यापासून घरातली एकूण एक बिजागरी तेल पिऊन तृप्त आहे. आता कुठलं दार कधी उघडलं ते कळत नाही, आणि मी एकटी असल्यासारखी मोठ्यानं बोलत असताना हे मागे उभे असतात.

पत्रास कारण एवढंच, की त्यांच्या निरोपाच्या जेवणाची हकीकत तुमच्यापर्यंत पोचली असेलच, आणि ज्या वाटेनं ती पोचली असेल त्या वाटेनं खरी गोष्ट कधी जात नाही. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही "हं" म्हणता आणि त्या "हं"चा अर्थ लावण्यात माझा आठवडा जातो. शिवाय फोनवर कंस करता येत नाहीत.

तर, वजनकाट्यांच्या त्या कारखान्यात तुमच्या बंधूंनी आयुष्य घालवलं हे तुम्हाला ठाऊक आहे. काय करण्यात घालवलं हे मात्र तुमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. तयार झालेला प्रत्येक काटा शेवटी त्यांच्या टेबलावर यायचा. पारडी रिकामी असताना काटा बरोबर मध्यावर उभा राहिला, तरच माल बाहेर. एखादं पारडं हलकं निघालं, तर भोंदू दुकानदार त्यात खडा टाकून वेळ मारून नेतो. तो खडा म्हणजे पासंग. तुमच्या बंधूंनी जन्मभर दुसऱ्यांच्या तराजूंतले पासंग काढले. अशा माणसाच्या जिभेलाही ती सवय लागते. सगळा कारखाना म्हणतो, हे तोलून मापून बोलतात. घरी त्याचा अर्थ असा, की "चहा घेणार का" विचारलं तर आधी काटा स्थिर होऊ देतात, मग "चालेल" म्हणतात. तोवर चहा निवतो.

माझं तसं नाही. माझं बोलणं तुम्ही ऐकलेलं आहे. तुमच्या पाण्याच्या टाकीवरून तुमच्या सोसायटीच्या चिटणिसाला मी चार शब्द सुनावले, त्यानंतर टाकी दुरुस्त झाली आणि चिटणीस घर विकून गेला. वाचनालयाची वर्गणी, बागेला घातलेलं कुंपण, रुग्णालयातली रांग, कशावर मी बोलले नाही? पण मी नेहमी जेवणाआधी बोलत आले, उपाशी माणसांपुढे. भरल्या पोटी कुठल्या देशात क्रांती झाल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि माझं वाचन थोडं नाही. जेवणानंतरच्या भाषणाला मी भाषणच मानत नाही. ते मुखशुद्धीचं काम आहे. तरी स्वतःच्या नवऱ्याच्या निरोपाचा प्रसंग होता. तो सभागृहातून उठून जाईल तो आयुष्यातून उठून गेल्यासारखा जाऊ नये, जाताना त्याच्या कामाबद्दल कुणीतरी नीट बोललेलं त्यानं ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून तत्त्वाला मुरड घालून मी "तराजू आणि न्याय: मानवी इतिहासाचा धावता आढावा" या विषयावर थोडी तयारी करून ठेवली होती. (पहिला भाग.)

आणि झालं काय? जेवणाची समिती एका संध्याकाळी आमच्या सोफ्यावर येऊन बसली. कारखान्याचे मॅनेजर, तबकड्यांवर आकडे रंगवणाऱ्या बाई, आणि गोदाम सांभाळणारा तो ठेंगू गृहस्थ, ज्याला सगळे छटाक म्हणतात. मी आतून चष्मा घालून आले. मनात म्हटलं, नाही नाही म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला हो म्हणायचं. छटाक म्हणाला, "वहिनी, जेवणानंतर एखादं चांगलं भाषण हवं. हल्ली वक्ते म्हणजे काय विचारू नका."

मी म्हटलं, "तेच मी गेली कित्येक वर्षं सांगते आहे."

"म्हणून तर आलो. तुमच्याइतकी पारख कुणाला? तुम्ही फक्त निवडायचा."

"फक्त" या शब्दाइतका दगलबाज शब्द आपल्या भाषेत नाही. मी तुमच्या बंधूंकडे पाहिलं. ते कपात पाहत होते, जसा काही तळाशी काटा आहे. मग आकडेवाल्या बाई म्हणाल्या, की निवडणाऱ्यानं स्वतःलाच निवडू नये असं समितीचं ठरलं आहे, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. हे कुणी सुचवलं असं मी विचारलं, तेव्हा तिघांनीही एकाच माणसाकडे न पाहण्याची फार काळजी घेतली. वन्सं, दुधाची राखण मांजरीला द्यायची आणि आधी तिच्या तोंडाला मुसकं बांधायचं, ही युक्ती त्या तिघांच्या डोक्यातली नाही. ती बिजागरीला तेल घालणाऱ्या माणसाच्या डोक्यातली आहे.

ठीक आहे, म्हटलं. निवडायचा तर निवडू. आणि निवडायला बसले तेव्हा कळलं, की या जातीत निवडण्यासारखं काही नसतंच. भोजनोत्तर वक्त्यांचा माझा अभ्यास आहे. एक असतो तो उठल्या उठल्या म्हणतो, मला बोलायचं आहे हे मला आत्ताच कळलं, आणि कोटाच्या खिशातून टंकलिखित पानं काढतो. दुसरा म्हणतो, मी तुमचा फार वेळ घेणार नाही. ते खरं असतं, कारण वेळ तो घेत नाही, खातो. तिसरा विनोद सांगतो आणि तो कुणाला कळला नाही म्हणून पुन्हा सांगतो. चौथा यजमानांचं नाव चुकीचं घेतो आणि शेवटपर्यंत त्याच माणसाचं कौतुक करत राहतो, त्यामुळे ज्याचा सत्कार आहे तो परक्याच्या लग्नात आल्यासारखा टाळ्या वाजवतो. सगळ्यांना एका पारड्यात घातलं, तरी खऱ्या वक्तृत्वाच्या पासंगाला पुरायचे नाहीत.

पण एका बाबतीत मी वक्त्याची बाजू घेते, मग तो कसाही असो. माणूस बोलत असताना समोरच्यानं चावू नये. मी एकदा निरक्षरतेवर बोलत असताना पहिल्या रांगेतला एकजण मुळा खात होता. माझ्या प्रत्येक विरामात त्याचा आवाज यायचा. लोकांना वाटलं मीच दात खाते आहे. तेव्हा मी ठरवलं, की जो कोणी येईल त्याचं भाषण ताटं उचलल्यावरच. आणि आमंत्रणाचं एक वाक्य पक्कं केलं, शब्द न् शब्द तोलून (मलाही येतं ते): "जेवणानंतर बोलायला यावं." हे वाक्य लक्षात ठेवा. मी प्रत्येकाला तेच म्हणाले, आणि आजही त्यातला एक शब्द बदलायला तयार नाही.

पहिले निवृत्त न्यायाधीश. मॅनेजरांच्याच इमारतीत राहतात. बैठकीच्या खोलीत सगळीकडे घड्याळं, भाषणांबद्दल भेट मिळालेली, आणि प्रत्येकाची वेळ निराळी. ज्याला स्वतःची घड्याळं मेळवता येत नाहीत, तो श्रोत्यांच्या वेळेची कदर काय करणार, असं मनात आलं. पण तराजूच्या कारखान्याला न्यायाधीश शोभून दिसेल म्हणून गप्प बसले. त्यांनी स्वागत छान केलं. आत चहा सांगितला. मी तुमच्या बंधूंची सगळी माहिती दिली आणि म्हटलं, "जेवणानंतर बोलायला यावं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "जेवणानंतर?"

"हो, जेवणानंतर." (वकिलांचं ऐकून ऐकून कान गेले असतील, म्हणून मी जरा मोठ्यानं म्हटलं.)

"आधी नाही?"

"छे, आधी तुमचं काय काम?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग आत तोंड करून म्हणाले, "अगं, चहा राहू दे." मला वाटलं, पथ्य असेल. "बघू, कळवतो," म्हणाले, आणि अजून कळवतायत.

दुसरे ते प्राध्यापक, ज्यांना सगळे हशा म्हणतात. त्यांच्या भाषणात हशा असतो, कारण तो ते स्वतःच आणतात. मला त्यांचा विनोद मुळीच पसंत नाही, पण समितीतल्या बाई म्हणाल्या लोकांना आवडतो. आणि लोकांना काय काय आवडतं याचा मी धक्का बसवून घेणं सोडलं आहे. फोन केला. नाव ऐकूनच हसले. वजनकाट्यांचा कारखाना म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे वजनदार वक्ता हवा तर," आणि पुन्हा हसले. मी माझं वाक्य बोलले. हसता हसता त्यांनी विचारलं, "आणि जेवणाचं कसं?" मी म्हटलं, "त्याची तुम्हाला काहीच तोशीस नाही. शेवटचं ताट उचलल्याशिवाय मी तुम्हाला आत घेणारच नाही." वन्सं, त्या माणसाला न हसताना मी प्रथमच ऐकलं. म्हणाले, त्या दिवशी मला दुसरीकडे जेवायला बोलावलं आहे. "जेवायला" या शब्दावर त्यांनी दिलेला जोर मला तेव्हा कळला नाही. आवाजाच्या चढउताराचं त्यांना अंग नाही एवढंच मी मनात नोंदवलं.

तिसऱ्या त्या पर्वत चढून आलेल्या बाई. त्यांनी तर माझं वाक्य संपायच्या आत फोन ठेवला. उंचावर राहून माणसाला विरळ हवेची आणि विरळ माणुसकीची सवय होत असावी.

तीन नकार आल्यावर मी तुमच्या बंधूंना म्हटलं, "ही माणसं मला घाबरतात. मी ऐकायला बसणार हे कळलं की यांच्या तोंडचं पाणी पळतं."

ते काटा पुसत होते. म्हणाले, "असेल."

"असेल काय? आहेच. तुम्हाला दुसरं काही कारण दिसतं का?"

त्यावर त्यांनी जे केलं ते तुम्ही फोनवर करता तेच. "हं" म्हणाले.

शेवटी सापडले पोटाचे डॉक्टर. दवाखान्यात भिंतभर जठराचं चित्र आहे, आणि त्याखाली बसून रुग्ण आपापल्या आतड्यांचा माग काढत असतात. मी माझं वाक्य बोलले मात्र, डॉक्टरांचा चेहरा उजळला. म्हणाले, "इतकं सुज्ञ आमंत्रण मला आजवर आलं नव्हतं. मी दिवस मावळायच्या आत जेवतो. लोक ताटावर बसवतात आणि मग माझी निंदा करतात." दोन शहाणी माणसं भेटल्यावर बोलणं कसं झटपट उरकतं ते पाहिलंत? विषय विचारला तर म्हणाले, प्रसंगानुरूप बोलेन. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. जठराच्या माणसाला जेवण सोडून दुसरा प्रसंग कुठला?

आता प्रत्यक्ष जेवण. कारखान्याच्या बांधणी विभागातली खोकी भिंतीला लावून तिथे लांब टेबलं मांडली होती, वर पांढरा कागद. कोपऱ्यातल्या मोठ्या काट्यावर चादर टाकून त्यावर भेटवस्तू ठेवल्या होत्या, आणि चादरीतून काटा भेटवस्तूंचं वजन दाखवत होता, त्यामुळे येणारा जाणारा आधी तिकडे वाकून पाहत होता. कामगार, त्यांच्या बायका, पोरं, सगळे नटूनथटून आलेले. सगळे होते, फक्त अन्न नव्हतं. कारण कळलं ते असं: कारखान्याच्या फाटकातून आत येणारी प्रत्येक वस्तू तोलून, वजन लिहून आत घ्यायची असा नियम आहे. आचाऱ्याची गाडी फाटकावर आली. पहारेकऱ्यानं प्रत्येक पातेलं उतरवून घेतलं. झाकणासकट तोललं, मग आचारी म्हणाला झाकण आमचं नव्हे, भाड्याचं आहे, म्हणून झाकण काढून तोललं. छटाक धावत गेला आणि म्हणाला, अरे बाबा, हे आपण खाणार आहोत. पहारेकरी म्हणाला, मग बाहेर जाताना कसं तोलणार? हा नियम कुणी केलेला, विचारा तुमच्या बंधूंना. ते सत्कारमूर्तीच्या खुर्चीत बसून म्हणाले, "नियम बरोबर आहे," आणि पोरं रडायला लागली.

एवढ्यात डॉक्टर आले. जेवणानंतर यायचं म्हणून बरोबर वेळेवर आलेले, स्वतः जेवून. त्यांना लवकर झोपायचं असतं. मॅनेजर म्हणाले, थोडं थांबावं, अजून पानं मांडायची आहेत. डॉक्टर म्हणाले, उलट उत्तम, रिकाम्या पोटी माणूस जास्त लक्ष देतो. (हे माझंच तत्त्व, पण त्यांच्या तोंडून ऐकताना मला ते पटलं नाही.) आणि ते उभे राहिले. वन्सं, भुकेल्या माणसांसमोर अन्नाची निंदा केलेली तुम्ही कधी ऐकली आहे का? जठर केवढं असतं ते त्यांनी मूठ दाखवून सांगितलं. मग त्यात आपण काय काय कोंबतो ते सांगितलं. तेल आत गेल्यावर काय करतं, साखर काय करते, घाईनं गिळलेला घास कुठे अडकतो. ज्यांचा सत्कार होता त्यांचा उल्लेख एकदाच आला: "निवृत्तीनंतर या गृहस्थांसारख्या माणसांचं पोट सुटतं." मग सगळ्यांना शुभरात्री म्हणून ते झोपायला गेले. त्याच क्षणी पातेली आत आली. लोक इतके घाबरले होते की प्रत्येक घास प्रकाशाकडे धरून पाहत होते. मॅनेजरांनी गोड परत केलं आणि मग ते जाताना त्याच्याकडे पाहत राहिले.

जेवणं आटपली. ताटं उचलली. आणि आता, ज्या वेळेसाठी मी तीन वक्ते आणि एक जठर पालथं घातलं, ती वेळ आली आणि वक्ता नाही. मॅनेजर उठून म्हणाले, "आता... म्हणजे... कुणीतरी दोन शब्द..." सगळ्या सभेनं माझ्याकडे पाहिलं. निवडणाऱ्यानं स्वतःला निवडायचं नाही. पण मला कुणी स्वतःहून निवडत असेल तर मी कोण नाही म्हणणार? माझं भाषण योगायोगानं पिशवीत होतं. (दोन्ही भाग.) मी खुर्ची मागे सरकवली. तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. तिच्या पायांनाही बहुतेक तेल घातलेलं असावं, कारण मला आवाज आला नाही. पाहते तर तुमचे बंधू उभे.

त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले आणि काटा स्थिर होऊ दिला. सभा इतकी गप्प झाली की मला माझ्याच पिशवीतला कागद ऐकू आला. मग म्हणाले, "तीन वक्ते यायचे होते. न्यायाधीश साहेब मॅनेजरांना म्हणाले, असलं आमंत्रण जन्मात आलं नाही. हिनं तिघांनाही जेवून या म्हणून सांगितलं."

वन्सं, छप्पर उडेल असा हशा. प्राध्यापकांना स्वतः आणूनही असा कधी मिळाला नसेल. मी उठून म्हणणार होते, की मी "जेवून" म्हणाले नाही, "जेवणानंतर" म्हणाले, आणि "जेवणानंतर बोलायला या" यातलं "जेवणानंतर" हे "बोलायला"ला लागतं, "या"ला लागत नाही. या देशात अन्वय लावायला शिकवतच नाहीत. पण ते थांबले नव्हते. (तुमच्या घराण्यात एकदा बोलायला लागलं की थांबत नाहीत असं दिसतं, फक्त सुरुवातीला एक आयुष्य लागतं.) म्हणाले, "मलाही तेच सांगितलं होतं. आमचं लग्न ठरायचं होतं तेव्हा. वाचनालयाच्या पायऱ्यांवर. म्हणाली, रविवारी जेवणानंतर बोलायला या."

वाक्य तेच होतं हे मी कबूल करते. चांगलं वाक्य उगाच बदलत नसतात.

पुढची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण तुम्ही तीत आहात. ते सभेला सांगत होते, की घरी येऊन ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "कसली माणसं ही, जेवायलाही बोलवत नाहीत? मग तू इथून असा जेवून जा की त्यांच्या घरचं पाणीही लागू नये," आणि ताईनं समोर बसून, हात धरून वाढलं. मग आमच्या घरी येतात तो काय, पाट-पानं मांडलेली, आई वाढायला थांबलेली, सगळं घर यांच्यासाठी उपाशी. जेवून आलो म्हणायची हिंमत झाली नाही. दुसऱ्यांदा जेवले. मग माझ्या वडिलांनी नोकरी विचारली, मतं विचारली, जग कुठे चाललं आहे ते विचारलं. "पोटात शब्दाला जागा नव्हती," तुमचे बंधू म्हणाले. "मी आपलं 'हं' म्हणत होतो, नाहीतर 'बघू'. सासरे नंतर हिला म्हणाले, मुलगा तोलून मापून बोलतो. लग्न ठरलं. तेव्हापासून तोच मान सांभाळतो आहे. हे मी आज पहिल्यांदा सांगतोय."

आकडेवाल्या बाई डोळे पुसत होत्या. छटाक टेबलाखाली गेला होता, हसून गेला की काही पडलं होतं ते माहीत नाही. आणि माझ्या माहेराला तुमच्या घरात "जेवून-या-वाले" म्हणतात, हेही मला त्याच सभेत कळलं. वन्सं, तुम्ही ते माझ्या तोंडावर एकदाही म्हणाला नाहीत हा तुमचा मोठेपणा. मागून इतकी वर्षं म्हणत राहिलात हा तुमचा दम.

मग ते माझ्याकडे वळले, म्हणजे पुरते नव्हे, पाऊण. म्हणाले, "आमच्या घरी एका पारड्यात हिचं बोलणं. ते जड आहे, खोटं वजन नाही त्यात. दुसऱ्या पारड्यात मी गप्प बसतो. पासंगाला. काटा मध्यावर राहतो. उद्यापासून मी दिवसभर घरी. काटा कसा राहील, सांगता येत नाही. मेळवत राहीन." आणि बसले.

भाषण म्हणून ते सुमार होतं. प्रस्तावना नाही, विषयाची मांडणी नाही, एकही दाखला नाही, आणि शेवट म्हणजे काय, तर बसणं. जन्मभर पासंग काढणाऱ्या माणसानं भरसभेत स्वतःला पासंग म्हणवून घ्यावं याला काय म्हणायचं? मी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका हातात माझं भाषण होतं आणि दुसऱ्या हातात त्यांचा चष्मा, जो त्यांनी उठताना माझ्याकडे दिला होता आणि परत मागितला नाही, कारण त्यांना तो लागलाच नाही. घरी येताना मी अन्वय नीट समजावून सांगितला. ते "हं" म्हणाले. मी म्हटलं, हा "हं" पोट भरल्याचा की पटल्याचा? तर म्हणाले, "बघू."

असो. तुमच्या भाडेकरूला माझा निरोप सांगा की मी लवकरच येते आहे. ते ऐकून त्यानं घर सोडलं तर भांडायला वर चढायला नको, म्हणजे गुडघ्यालाही जिन्याचा ताण पडणार नाही. प्रकृतीला जपा.

तुमची,
जेवून-या-वाल्यांकडची भावजय

ता. क. तुमच्या ज्येष्ठांच्या मंडळाचं वार्षिक भोजन पुढल्या महिन्यात आहे आणि तुम्ही तुमच्या बंधूंनाच भाषणाला बोलावलं आहे, हे मला त्यांनी सांगितलेलं नाही. गॅलरीत फेऱ्या मारताना ते बडबडत होते आणि दाराला आवाज नव्हता, म्हणून ऐकू आलं. न्यायाधीशांच्या इमारतीतूनही त्यांना बोलावणं आलं आहे, आणि वाचनालयातूनही. वाचनालयातून, वन्सं. जिथली वर्गणी मी कमी करून घेतली. माझं त्यावर काही म्हणणं नाही. फक्त एवढंच सुचवते, की वक्त्याचा परिचय करून द्यायला कुणी जाणकार लागेल. मी मोकळी आहे. तासाभरात आटोपेन. (पहिला भाग.)

ता. क. २. वरचं त्यांनी वाचलं. म्हणाले, परिचयाला ही असेल तरच येतो, दुसऱ्या पारड्यात काही नसेल तर मी उभा राहून काय करू. तेव्हा हे ठरलं असं समजावं.

ता. क. ३. आम्ही जेवायला यायचं की जेवून यायचं, तेवढं स्पष्ट कळवा.